क्षमा केली, आता तक्रारही करायची नाही का?

जैतुनाचं झाड
कामावरच्या एका सहकाऱ्याने माझा अहवाल स्वतःच्या नावावर वरिष्ठांना दिला. मला कळल्यावर एकट्यात माफी मागितली, मी माफही केलं. पण वरिष्ठांना खरं सांगायचं म्हटलं तर उलट मलाच ऐकवतो, "तू तर प्रार्थनेला जाणारा माणूस, आणि हे?" माझं मत सांगतो: क्षमा म्हणजे मनातला डूख सोडणं. खोटं तसंच राहू देणं नव्हे. पटतंय का?

उंबरठा
नाही पटत. येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं, सात वेळा क्षमा करू का? येशू म्हणाला, सातांच्या सत्तर वेळा. त्यात "पण वरिष्ठांना कळवून" असं कुठे आहे?

जैतुनाचं झाड
बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तोच १८वा अध्याय थोडा आधीपासून वाचा. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, सांग. म्हणजे सांगण्याची वाट येशूनेच घालून दिली आहे.

उंबरठा
मग थोडा पुढेही वाचा! येशूच्याच दृष्टांतात धन्याने एका चाकराचं दहा हजार तालंतांचं कर्ज सोडलं, त्या चाकराने सोबत्याचे शंभर दिनार सोडले नाहीत. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तालंत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. करा गुणाकार. एवढं माफ झालेल्याने एका अहवालासाठी अडून बसावं?

उशिरा आलेली
मी ख्रिस्ती नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहिते. अपराध करणाराच जेव्हा "तुमचा धर्म क्षमा शिकवतो" म्हणतो, तेव्हा मला तो धर्म नाही, ढाल दिसते. घरात मार खाणाऱ्या बायकांनाही हेच ऐकवतात. अहवालाचं सोडा, तिथे जीव जातो.

उंबरठा
मारहाणीत गप्प बसा असं मी म्हणणार नाही, ते वेगळं. इथे दुखावलाय तो मान.

जुनी पेटी
मान नाही हो, खरेपणा. बायबलमधला जक्कय आठवा. यरीहोचा मुख्य जकातदार. त्याने नुसतं "चुकलो" म्हटलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत! या सहकाऱ्याला एक वाक्य परत करायचंय: "अहवाल माझा नव्हता." तेवढं जड का जातंय?

उंबरठा
जक्कयकडे मागितलं कुणी? येशू फक्त त्याच्या घरी उतरला. लोक तर बाहेर कुरकुरत होते. तक्रार करणाऱ्यांमुळे तो बदलला नाही.

जैतुनाचं झाड
हा मुद्दा लागला. खरं सांगायचं तर मी "एकट्याने जाऊन दाखव" हेही नीट केलं नव्हतं; तो आला, मी पटकन "ठीक आहे" म्हणालो, कारण मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. त्या "ठीक आहे"ला आज क्षमा म्हणायला जीभ अडते. उद्या भेटून सांगतो: तूच वरिष्ठांकडे जा, हवं तर मी सोबत येतो.

उंबरठा
सोबत जाणार असाल तर माझी हरकत नाही. आणि तो नाही म्हणाला तर?

जैतुनाचं झाड
तर मी एकटा जाईन. तेव्हा मनात राग नसेल, अशी खात्री मात्र देत नाही.