बॉनेट फुगतंय, प्रायमरला खड्डे पडतायत. आधी कुठे हात घालू?

अर्धवट_मेकॅनिक (कॉव्हेंट्री)

नमस्कार मंडळी. मूळ सांगलीचा, आता इंग्लंडात. तीन हिवाळे गॅरेजमध्ये गारठून एक किट कार (सुट्या भागांतून घरी जोडायची गाडी) जोडली. लोटस सेव्हनच्या वळणाची आहे: लांब नाक, उघडी चाकं, सायकलसारखी मडगार्डं, दारं नाहीतच. इंजिन आणि गिअरबॉक्स एका म्हाताऱ्या माझदा एमएक्स-५ मधून काढलेले. नाक आणि मडगार्डं फायबरची, बॉनेट आणि बाजू ॲल्युमिनियम पत्र्याच्या.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर इथे आयव्हीए नावाची तपासणी द्यावी लागते. पहिल्या खेपेला नापास झालो. तपासनीस १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा घेऊन गाडीभोवती फिरतो. बाहेरून तो गोळा जिथे टेकेल तिथली कड निदान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. आमचा गोळा टेकला तो आरशाच्या दांडीखालच्या एका उघड्या नटला. तीन वर्षांची मेहनत आणि नटवर टोपी नाही म्हणून घरी! दुसऱ्या खेपेला पास झालो, पण त्या नटकडे अजून मी रागाने बघतो.

आता खरं दुखणं. शहरात, सिग्नलला, पंखा चालू असताना पाण्याचं तापमान ८८ वर शांत असतं. मोटरवेवर ७० मैलांचा वेग धरला की दहा मिनिटांत १०२. वारा जास्त मिळाल्यावर गाडी थंड व्हायला हवी ना? शिवाय बॉनेटची मागची कड, काचेजवळची, बेडकाच्या गळ्यासारखी फुगते आणि बसते. बायको एकदाच बसली शेजारी. उतरल्यावर म्हणाली, "पायाला शेक छान मिळतो."

दुसरं दुखणं रंगाचं. गर्द निळा मारायचा आहे. नाकाला ३२० नंबरच्या सँडपेपरने घासून प्रायमर मारला तर दोन मिनिटांत जागोजागी प्रायमर बाजूला सरकून वाटाण्याएवढे गोल खड्डे, आणि खड्ड्याच्या तळाशी चकचकीत जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थर. पुसून पुन्हा मारला. खड्डे त्याच जागी नाहीत, पण आहेतच.

गरम हवा जायला बॉनेटला काचेजवळ झरोके कापायचा विचार आहे. कापायचे तर रंगाआधीच कापायला हवेत, म्हणून दोन्ही प्रश्न एकदम विचारतोय.

पत्रेवाला_कोल्हापूर

भावा, ते फिशआय आहेत. साच्यातून माल सुटावा म्हणून साच्याला मेण लावतात, ते तुझ्या नाकावर चिकटून आलंय. तू न धुता पेपर मारलास, म्हणजे मेण निघालं नाही, चरांत जाऊन बसलं. आता कितीही कोट मार, ते वर येणारच.

मारलेला प्रायमर सगळा घासून काढ. पेंट रिमूव्हरचा डबा उघडूसुद्धा नको, जेलकोट मऊ पडतो. मग कढत पाणी आणि भांड्याचा साबण, दोनदा. वाळल्यावर वॅक्स रिमूव्हर, आणि त्याला फडकी दोन लागतात. एकाने ओलं लावायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलून घ्यायचं. एकाच फडक्याने केलंस तर मेण इकडचं तिकडे फिरवलंस, एवढंच. झाल्यावर नाकावर पाणी ओत. अळूच्या पानावर पडल्यासारखे थेंब झाले तर मेण आहे. सलग चादर पसरली तरच पेपरला हात लाव.

पेपर ठोकळ्यावर गुंडाळून मार. बोटांनी मारलास तर बोटांच्या मधे चर पडतात, आणि चमक आली की उन्हात चार बोटं मोजून दाखवता येतात. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिला महिना याच्यावरच शिव्या खातं.

गर्द निळ्याचा पुनर्विचार कर. गडद रंग ऊन पितो, फायबर तापतं, आणि कच्चं राहिलेलं रेझिन पुढे आकसलं की आतल्या कापडाची वीण वर दिसायला लागते. आम्ही माल मे महिन्यात पत्र्यावर टाकून भाजून घेतो. तुमच्याकडे ऊन नसतं म्हणतात, तर निदान एक उन्हाळा तसाच चालव, मग रंगव. ॲल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला चावून धरणारा, वेगळा लागतो, फायबरचा तिथे धरणार नाही. आणि टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग घरच्या गॅरेजात मारायचा असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क पाहिजेच. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडलेले पेंटर मी बघितलेत, कापडी रुमालाने काही होत नाही.

वारा_मोजते (पुणे)

झरोके काचेजवळ अजिबात कापू नका. तुमच्या गाडीची काच जवळजवळ उभी आहे. हवा तिच्यावर आपटून थबकते, त्यामुळे काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. तिथे भोक पाडलंत तर गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची आत शिरेल. काही अमेरिकन गाड्यांमध्ये इंजिनाला हवा पाजायला हीच जागा मुद्दाम वापरलेली आहे.

बॉनेट फुगतंय कारण नाकातून शिरलेल्या हवेला बाहेरची वाट नाही. आत दाब साठला की रेडिएटरच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक कमी होतो आणि जाळीतून हवा जातच नाही. थांबलेल्या गाडीत पंखा हवा ओढून काढतो, म्हणून शहरात सगळं ठीक. पण आधी एक बघा: रेडिएटर आणि नाक यांच्यामध्ये फट किती आहे? हवा आळशी असते, बोटभर फट मिळाली तर जाळीच्या वाटेला जात नाही.

दाब मापायला वाऱ्याचा बोगदा (विंड टनेल) लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात फळीवर बसवा, अर्धी रंगीत पाण्याने भरा. एक टोक बॉनेटच्या आत. दुसरं बॉनेटवर हव्या त्या जागी चिकटवा, तोंड वाऱ्याकडे न करता पृष्ठभागाशी सपाट. ७० मैलांना वाऱ्याचा पूर्ण दाब साधारण ६० मिलिमीटर पाण्याएवढा असतो, त्यामुळे फरक डोळ्यांना नीट दिसतो. वाचायला शेजारी माणूस हवा, स्वतः वाचू नका.

नाशिकचा_बुलेटवाला

मागे मोठी विंग टाक ना भाऊ, गाडी दबून चालेल.

वारा_मोजते (पुणे)

या गाडीचा ड्रॅग गुणांक, म्हणजे आकारामुळे हवा किती अडते त्याचा आकडा, ०.६ ते ०.७ च्या घरात असतो, आजच्या साध्या सेडानचा ०.३ च्या आसपास. उघडी चाकं आणि उभी काच आहे तोवर ते बदलणार नाही. शिवाय वेगात हलकं होतं ते पुढचं टोक, मडगार्डांमुळे. मागे विंग लावून ते आणखी उचलायचं?

अर्धवट_मेकॅनिक (कॉव्हेंट्री)

तीन आठवड्यांनी येतोय, पावसाने खोळंबलो होतो.

ताई, फट बोटभर नव्हती, दोन्ही बाजूंना माझा अख्खा पंजा जात होता. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, कडेला फोम लावला. झरोके न कापताच ७० मैलांना तापमान ९५ वर थांबलं. मग तुमची नळी. बायको फळी मांडीवर घेऊन बसली आणि परीक्षेला बसल्यासारखी आकडे ओरडत होती. नाकाच्या मागे लगेच, जिथे बॉनेट वळतं तिथे, आतला दाब २२ मिलिमीटरने जास्त. काचेजवळ पाणी उलट्या बाजूला गेलं, ९ मिलिमीटर! मी तिथेच कापणार होतो.

दादा, अळूच्या पानाची परीक्षा दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा चादर पसरली. काल प्रायमर मारला, एकही खड्डा नाही. निळ्याचं अजून मन वळत नाही, पण पुढच्या सप्टेंबरपर्यंत गाडी प्रायमरमध्येच फिरेल.

झरोके नाकामागे दोन ओळी, सहा-सहा, तोंड मागे. पत्रा १.२ मिलिमीटरचा आहे. ठोकून उचलले तर फाटेल का?

पत्रेवाला_कोल्हापूर

पत्रा कुठल्या जातीचा आहे त्यावर आहे. कडक असेल तर फाटतो. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी ३ मिलिमीटरची भोकं पाड, चीर तिथे थांबते. लाकडाचा साचा करून तुकड्यावर दोन झरोके ठोकून बघ, बॉनेटला नंतर हात लाव. आणि कडा कानशीने गोल कर, नाहीतर तो गोळेवाला परत येईल.