झोपेतल्या श्वासरोधासाठी मशीन: साधं सीपॅप की ऑटो?

चंद्रकोर: बाबांच्या स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्या-मंदावण्याची संख्या, ३४ आला. सगळे घशातल्या अडथळ्याचे, सेंट्रल (मेंदूकडून श्वासाचा इशाराच न येणारे) जवळजवळ नाहीतच. टायट्रेशनमध्ये (योग्य दाब शोधायच्या चाचणीत) ९ सेंमी (पाण्याच्या स्तंभाइतका) दाब ठरला. साधं फिक्स्ड सीपॅप (मास्कमधून एकाच ठरावीक दाबाने हवा देणारं मशीन), ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) आणि एक मास्क, एवढ्यात बसवायचंय. ऑटो (गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारं) बजेटबाहेर आहे. नाक अधूनमधून चोंदतं, तोंड उघडं राहतं. काय बघून घ्यावं?

पारवा: ऑटोच घ्या. कूस बदलली, सर्दी झाली, वजन वाढलं की लागणारा दाब बदलतो. फक्त ४ ते २० अशी मोकळी रेंज ठेवू नका. मशीन ४ वरून चढेपर्यंत श्वास अडकून जातो. ९ निघालाय तर ७ ते १२ चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

साखरझोप: थेट बायपॅप (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देणारं मशीन) घ्या. श्वास सोडताना जोर लावावा लागत नाही. आमच्याकडे तेच आहे, उत्तम चालतं.

उत्तररात्र: ९ सेंमीला बायपॅप कशाला? दाब १५ च्या वर जाऊन सोसवत नसेल किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल, तर त्याचा विचार होतो. श्वास सोडताना दाब उतरवायची सोय साध्या मशीनमध्येही मिळते. ती ३ वर ठेवली की ९ चा ६ होतो. मात्र त्याने एएचआय वाढला तर १ वर आणा.

नळी२२: मशीनपेक्षा मास्कमुळे जास्त लोक सोडून देतात. उभ्याने घालून पसंत करू नका. आडवं व्हा, मशीन ९ वर चालू करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत टेकवा म्हणजे सिलिकॉनची आतली पातळ कड हवेने फुगून बसते. मग पट्टे, तेही बोट सरकेल इतपतच. करकचून आवळले की ती कड चुरगळते आणि नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या बाजूला हवा सुटते. नाकाचाच मास्क आधी बघा. पूर्ण चेहऱ्याचा जास्त गळतो आणि त्याला अनेकदा दाबही जास्त लागतो.

पारवा: मास्क महत्त्वाचा, मान्य. पण ऑटोच घ्या.

दवबिंदू: पाणी डिस्टिल्ड वापरा.

साखरझोप: उकळून गार केलेलं चालतं.

दवबिंदू: नाही चालत. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. टाकीच्या तळाशी पांढरा थर धरतो. रोज सकाळी उरलेलं ओतून टाकी वाळवायची. रात्री नळीत खळखळ झाली तर बाष्प गार होऊन पाणी साचतंय. मशीन गादीपेक्षा खाली ठेवा, नळी पांघरुणाखालून घ्या, आर्द्रता एक आकडा उतरवा.

उत्तररात्र: मुख्य मुद्दा राहिला. प्रत्येक श्वासाचा आलेख मेमरी कार्डवर लिहिणारंच मॉडेल घ्या. स्वस्त मशीनं नुसते तास मोजतात. कार्ड असेल तर ऑस्कर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गळती कधी झाली, श्वास कधी अडला, सगळं दिसतं. आणि वापरलेलं घेणार असाल तर अनुक्रमांक तपासा. आतला फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे फिलिप्सने जून २०२१ मध्ये लाखो मशीनं परत मागवली होती.

नळी२२: मास्क हॉस्पिटलच्या व्हेंटिलेटरचा नको, त्याला हवा बाहेर पडायची छिद्रं नसतात. स्वतःचाच उच्छ्वास परत आत जाईल. आणि पट्ट्यांच्या क्लिपमध्ये चुंबक असेल तर पेसमेकरवाल्यांनी तो मास्क घेऊ नये.

चंद्रकोर: सगळ्यांचे मनापासून आभार. फिक्स्डच घेतलं, कार्डवालं. मास्क मात्र पूर्ण चेहऱ्याचा. नाक चोंदलेल्या रात्री बाबा नाकाचा काढून ठेवतील, हे मला माहीत आहे. पेसमेकर नाही.

नळी२२: मग मास्क उशीला घासणार नाही अशी उशी घ्या, कुशीवर वळताना कड सरकते. दाढी असेल तर गालाशी हवा सुटेल.

पारवा: ऑटो हवं होतं. असो. रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू चढवायची सोय) १५ मिनिटांचा ठेवा, सुरुवात ४ ऐवजी ६ ला करा, म्हणजे हवा अपुरी वाटत नाही. महिन्याने कार्डवर एएचआय ५ च्या वर दिसला तर आधी गळती बघा, दाब नंतर.