मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात मॅनिक्युरिस्ट लायसन्स

नमस्कार मंडळी, मी फ्रीमाँटला राहते. एच-४ वर (जोडीदाराच्या वर्क व्हिसामुळे मिळणारा व्हिसा) आहे, ईएडी म्हणजे काम करण्याचा परवाना नुकताच हातात आलाय. पुण्यात नेल आर्टचा कोर्स करून पार्लरमध्ये काम केलंय, तेच इथे करायचंय. इथे लायसन्सशिवाय पैसे घेऊन नखांचं काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बुरशी, जंतुसंसर्ग, ॲक्रिलिकची धूळ हे सगळं मी जवळून पाहिलंय.

४०० तासांचं प्रशिक्षण लागतं, २०२२ पासून प्रात्यक्षिक परीक्षा बंद झाली आणि आता फक्त लेखी असते, एवढं कळलंय. परीक्षा व्हिएतनामी, स्पॅनिशमध्येही देता येते, मराठीत अर्थातच नाही! पण पुण्यातले तास इथे कुणाचे धरले गेले आहेत का? प्रमाणपत्रावर तासच लिहिले नसतील तर संस्थेकडून काय लिहून आणायचं? प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आहे, त्याचं काय करता?

लायसन्सचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी असतं. मधे ईएडी संपलं तर काम थांबवावं लागेल, पण लायसन्स चालू ठेवता येतं ना? यातून गेलेल्या कुणी ताईंनी सांगितलं तर फार बरं होईल. फ्रीमाँटजवळची चांगली शाळाही सुचवा, शक्यतो संध्याकाळची.