‘शिरेचं दुखणं’ म्हणजे नेमकं कशाचं?

कुळागर (वाळपई):
आईला पावसात नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, चतुर्थीही होऊन गेली. आता दिवाळी आली तरी बरगडीच्या त्याच पट्ट्यात आग होते. पदर नुसता घासला तरी कळवळते. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवलं, कागदावर ‘न्यूरोपॅथिक पेन’, म्हणजे नर्व्हचं दुखणं, असं लिहून दिलंय. घरी मी ‘शिरेचं दुखणं’ असं सांगितलं, तर मावशी खोबरेल कोमट करून हजर, शीर मोकळी करायला. याला नीट मराठी शब्द कोणता?

म्हादई:
मावशीला बोल लावू नका, शीर म्हटल्यावर माणूस चोळणारच. एका शब्दाला आपण फार कामांना जुंपलंय. हातावर शीर फुगते ती नीला. कानशिलाशी शीर उडते ती धमनी. मान वळवताना शीर आखडते तो बहुतेक वेळा स्नायू. कमरेत शीर दबते तेव्हा कुठे नर्व्हची, म्हणजे मेंदूकडे निरोप नेणाऱ्या तंतूची, पाळी येते. कोकणीत बोला नाहीतर मराठीत, शीर तीच.
नर्व्हला पाठ्यपुस्तकात चेतातंतू म्हणतात, वर्तमानपत्रात मज्जातंतू. मी चेतातंतूच्या बाजूने. मज्जा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हाडातला मगज येतो.

पाटपाणी:
जुन्या ग्रंथांतून शब्द उचलणार असाल तर जपून. सुश्रुतसंहितेत 700 शिरा, 900 स्नायू आणि 500 पेशी सांगितल्या आहेत. पण तिथली पेशी म्हणजे मांसाची, आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर. आज आपण मांसाला स्नायू म्हणतो, सेलला पेशी. बंगाली माणसाला विचाराल तर त्याचा स्नायू म्हणजे थेट नर्व्ह! गृध्रसी मात्र अजून जशीच्या तशी चालते: सायटिका. दुखऱ्या पायाने माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून ते नाव, असं वैद्य सांगतात.

फार्मसीवाला (डिचोली):
शब्द ठरेल तेव्हा ठरेल, आधी दुखणं काय ते सांगतो. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू शरीरातून जात नाही, पाठीच्या कण्याजवळच्या चेतातंतूंच्या गाठींत दडून बसतो. म्हातारपणी किंवा अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी झाली की जागा होतो आणि एखाद्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून तो एका बाजूचा पट्टा. नागिणीची दोन तोंडं मिळाली की माणूस दगावतो म्हणतात ना, ती भीती फुकटची. डावीकडचे तंतू वेगळे, उजवीकडचे वेगळे, त्यामुळे नागीण सहसा मधली रेघ ओलांडत नाही.
फोड बरे होतात, पण तंतूला झालेली इजा राहते. मग कातडीवर काहीही नसताना तो मेंदूकडे ‘जळतंय, जळतंय’ असा निरोप धाडत राहतो. पुरळ आल्यापासून तीन महिन्यांनंतरही दुखणं टिकलं तर त्याला वेगळं नाव देतात, नागिणीनंतरची चेतावेदना म्हणा. चोळून काही सुटत नाही, उलट हात लावलेला सोसत नाही.
आणखी एक. या दुखण्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन देतात, ती मुळात फिटवरची म्हणून आलेली औषधं. अमिट्रिप्टिलिन डिप्रेशनवरचं. घरातलं कोणीतरी मोबाईलवर नाव शोधतं, ‘आईला फिट कुठे येते?’ म्हणतं आणि गोळी बंद! असे लोक माझ्या काउंटरवर नेहमी येतात. ही औषधं तंतूंची चुकीची आरडाओरड कमी करतात म्हणून दिलेली असतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि डॉक्टरांना न विचारता एकदम सोडायची नसतात.

म्हादई:
‘चेतावेदना’ आवडला. पण तो कागदावर. डॉक्टरांपुढे त्याचा काही उपयोग नाही, तिथे दुखण्याचा प्रकार सांगायला हवा, आणि त्यात मराठी कुणाला ऐकायची नाही. पिकलेल्या गळवाचा ठणका. पोटात कळ. पाठीत उसण. पोटरीत गोळा. कोपर आपटलं की झिणझिण्या, मांडी घालून बसलं की मुंग्या. दाढेची ठसठस. काटा आत राहिला की सल.
मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये रुग्णांसाठी प्रश्नावली काढली, तिच्यात दुखण्याचे 78 शब्द 20 गटांत लावले होते. आपल्याकडे कोणी बसलं तर तेवढे सहज जमतील. तंतूचं दुखणं ओळखायला फ्रेंच डॉक्टरांची डीएन-4 नावाची छोटी प्रश्नावली आहे. त्यात विचारतात: आग होते का, गारठून दुखतं का, करंट बसतो का, मुंग्या येतात का, टाचण्या टोचतात का, बधिर वाटतं का, खाज येते का. मग तपासून आणखी तीन गोष्टी बघतात. दहापैकी चार जमल्या तर संशय तंतूवर. ठणका आणि उसण त्या यादीत नाहीत, ते बघा.

कुळागर:
आई ‘लासता’ म्हणते, कोकणीत, म्हणजे भाजतंय. मी त्याचं ‘दुखतंय’ करून सांगत होतो. पुढच्या वेळी ‘लासतं, पदर सोसत नाही, मध्येच करंट जातो’ असंच सांगेन.

पाटपाणी:
छान. मराठीतही लासणे म्हणजे डागणेच की.

फार्मसीवाला (डिचोली):
‘बधिर’बद्दल बोलायचं राहिलं. साखरेनेही (मधुमेहानेही) पायांचे तंतू बिघडतात. अशा रुग्णाला विचारलं, पाय बधिर आहेत का, तर तो म्हणतो, ‘छे, बधिर असते तर रात्रभर आग कशी झाली असती?’ त्याच्या हिशेबी बधिर म्हणजे काहीच न कळणं. प्रत्यक्षात दोन्ही एकाच पायात नांदतात: टाचणी टोचलेली कळत नाही आणि झोपताना तळवे पेटतात. हे मोजा घातल्यासारखं बोटांपासून वर चढतं. त्यामुळे मी ‘बधिर’ विचारत नाही. ‘चप्पल पायातून निसटली तर कळते का? खडा रुतला तर?’ असं विचारतो. ‘नाही कळत’ म्हणाले की सांगतो, रोज रात्री तळवे बघा, स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेला बघायला सांगा, आणि जखम दिसली तर डॉक्टरांकडे जा.