दुर्बिणीची रायफल घेऊन माळावर मारायचं कुणाला? (टेक्ससच्या पोस्टला उत्तर)

नान्नजचा_ज्वारीवाला
परवा टेक्ससमधल्या आपल्या एका सोलापूरकर बंधूंची पोस्ट वाचली. हरणाच्या शिकारीसाठी त्यांनी सॅव्हेज अ‍ॅक्सिस घेतली, दुर्बिणीसकट पाचशे डॉलरच्या आत. ही बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून पुढची भरायची. स्वस्तात उत्तम सौदा झाला, अभिनंदन. पण शेवटी लिहिलंय, ‘सोलापूरच्या शेतकऱ्यांनी काळविटांच्या नावाने रडण्यापेक्षा लायसन काढून अशीच एक बोल्ट अ‍ॅक्शन घ्यावी.’ हे वाचून डोकं फिरलं.

माझं रान मार्डीच्या बाजूला. हरभरा उगवून वर आला की कळप उतरतो, शेंडे खुडून जातो. ते दुःख मला कुणी शिकवू नये. पण काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे त्या यादीतला प्राणी मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात, तीही माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर वाचण्यापलीकडे जखमी-आजारी असेल तरच. उभं पीक हे कारण त्यात बसत नाही. विनापरवाना मारलं तर ३ ते ७ वर्षं आत.

रानडुकराला पिकाचं कारण चालतं, रीतसर परवानगी मिळू शकते. पण डुक्कर रात्री येतं आणि उसात, मक्यात शिरतं. तिथे तुमची तीन-ते-नऊ पटीची दुर्बीण काय दाखवणार? दुर्बिणीतून जे दिसतं ते मारायचं नाही, आणि जे मारता येईल ते दुर्बिणीत दिसायचं नाही. मग शेतकऱ्याने ही रायफल घेऊन करायचं काय?

लायसनचंही ऐका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं. परदेशी रायफल आयात करायची सोय नामांकित नेमबाज सोडले तर सामान्य माणसाला नाही. म्हणजे सॅव्हेज इथे येणारच नाही. सल्ला देण्याआधी एवढं तरी बघायचं.

ह्यूस्टनचा_सोलापुरी
अण्णा, पोस्ट माझी. लेख होता पहिली रायफल कशी निवडावी यावर, आणि तुम्ही धरलं एक वाक्य. इथे पांढऱ्या शेपटीचं हरीण पन्नास लाखांच्या वर आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स करून, लायसन काढून, सीझनमध्येच मारतो आणि मांस घरी खातो. .२४३ (गोळीचा व्यास, इंचात) घेतली कारण धक्का कमी, नवशिक्याचा खांदा बिचकत नाही, शंभर-दीडशे यार्डांवरच्या हरणाला भरपूर पुरते. यात चोरून काही नाही.

आणि काळविटाचं म्हणाल तर तो १९३० च्या दशकात टेक्ससमध्ये आणला. इथल्या रँचवर पैसे भरून त्याची शिकार होते, म्हणून मालक त्याला जपतात. आपल्याकडे शेतकऱ्याला त्याचा एक रुपया मिळत नाही, नुसता उच्छाद. मग जपायचं कुणी? हा प्रश्न विचारला तर राग कसला?

माजी_सुभेदार_सांगोला
दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. रायफल स्वस्त असली तरी बिघडत नाही. आजकालच्या स्वस्त बोल्ट अ‍ॅक्शनचं बॅरल चांगलं असतं, प्लॅस्टिकचा दस्ता लवचिक असतो एवढंच. फसवते ती सोबत येणारी दुर्बीण. माउंटचे स्क्रू सैल, चार गोळ्यांनंतर झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, सरकलेला. मग माणूस रायफलीला शिव्या देतो. पैसे वाचवायचे तर रायफलीत वाचवावेत, काचेत नाही. आणि संध्याकाळी नऊ पटीवर ठेवून बघू नये. चाळीस मिलिमीटरच्या काचेतून नऊ पटीवर डोळ्यापाशी जेमतेम साडेचार मिलिमीटरचा झोत येतो, चार पटीवर दहाचा. ज्याने कमी उजेडात नेम धरलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

इथे मिळते ती इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५. जुन्या ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धाटणीची, दणकट. पण ओपन साइटची, नळीवरच्या खाचेतून नेम धरायची. दुर्बीण बसवायची तर कारागीर गाठावा लागतो.

आता ज्वारीवाल्यांनी न मांडलेली खरी अडचण. रायफलीची गोळी चुकली तर तीन-चार किलोमीटर जाते. टेक्ससमध्ये उंच मचाणावरून खाली मारतात, गोळी जमिनीत रुतते. आपला माळ पाटासारखा सपाट. पलीकडे वस्ती, मेंढरं, खुरपणाऱ्या बाया. मागे बांध-टेकडी नसेल तर मी तरी कुणाला रायफल उचलू देणार नाही.

मोहोळचा_ऊसवाला
सुभेदार, दुर्बिणीचं राहू द्या की बाजूला. माझ्या चुलत्याला डुकराने मांडीत फाडलंय. पहाटे पाण्याची दारं धरायला गेला होता. आज काठी टेकत चालतो. इथे कुणी म्हणतंय कलम, कुणी म्हणतंय मिलिमीटर. रात्री लाइट येते तेव्हा पाण्याला जावं लागतं, सोबत काय न्यायचं ते सांगा. रायफल नको तर नको, छर्ऱ्याची बारा बोअर तरी? अर्ज केला तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर वर्ष झालं फिरायलाय.

माळरान_फिरस्ता
चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण एका डुकराच्या रागातून सगळ्या माळावर बंदुका आणू नका. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर हे सगळं याच गवतावर जगतंय. नान्नजचा माळ उगाच जगभर माहीत नाही. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकामाला नीलगायी मारायला शूटर आणले, दोनशेच्या वर मारल्या. नीलगायींचा त्रास कायमचा संपला असं तिथला शेतकरी म्हणतो का?

मोहोळचा_ऊसवाला
तू राहतोस जुळे सोलापूरला. तुझं पीक काय गच्चीवरच्या कुंडीत हाय का बे? रविवारी कॅमेरा घेऊन यायचं, आमच्या बांधावर गाडी लावायची आणि आम्हालाच शिकवायचं.

करमाळ्याची_लेक
आता माळाचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्याचं अभयारण्य केलं ते जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. गावंच्या गावं, बागायतीसुद्धा आत. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांना दोन एकर विकायची होती, व्यवहार झालाच नाही. सावकाराकडून पैसे उचलले, ते व्याज माझ्या भावाने फेडलं. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ वर आणलं. आमची मधली वर्षं कोण परत देणार? आणि माळढोक? आता दिसला तर पेपरात बातमी येते.

माळरान_फिरस्ता
ताई, क्षेत्र नको तेवढं आखलं हे मान्य. कागदावर उसाचे मळेही अभयारण्य झाले, त्याने पक्ष्याचं भलं झालं नाही आणि तुमचंही नाही. पण माळढोक गेला तो गवत नांगरलं म्हणून, विजेच्या तारा आल्या म्हणून. शेतकरी त्याच्यावर का चिडला, याचं उत्तर मात्र तुमच्या दोन एकरांत आहे. एवढं मी म्हणेन.

करमाळ्याची_लेक
एवढं म्हणायला तुमच्या लोकांना चाळीस वर्षं लागली.

नान्नजचा_ज्वारीवाला
ताईंचं अक्षर न् अक्षर खरं. आमच्या शेजाऱ्याची विहीर याच भानगडीत अडकली, एका बँकेने कर्जाचा कागद पुढे नेलाच नाही. तरी त्याने माळढोकला कधी दगड मारला नाही. हे टेक्ससवाल्यांनी नीट वाचावं. ‘पैसे मिळाले तरच जपतील’ हे आमच्या माळाला लागू नाही. इथे फुकट जपलंय, नुकसान सोसून जपलंय. त्याचा मोबदला मागायचा तर भरपाई वेळेवर मागा. पिकाच्या पंचनाम्याला वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक तिघं एका दिवशी बांधावर आले तर निम्मं भांडण मिटेल.

ह्यूस्टनचा_सोलापुरी
फुकट जपलं म्हणून पुढची पिढीही फुकट जपेल, असं कुणी लिहून दिलंय? माझे वडीलही कोरडवाहूच करत होते. शेत विकलं म्हणून मी इथे शिकायला आलो. मला परका समजून बोलू नका.

माजी_सुभेदार_सांगोला
आवाज खाली. बंदुकीवरच्या चर्चेत डोकं तापलेलं माणूस मला चालत नाही.
ऊसवाले, तुमच्यासाठी: रात्री एकट्याने जाऊ नका. जोरदार बॅटरी, दोघं-तिघं, आणि पिकात शिरण्याआधी आवाज. बारा बोअरचा अर्ज स्वसंरक्षणाच्या कारणाने करा, चुलत्यांच्या उपचाराचे कागद जोडा. छर्ऱ्याची बंदूक चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे फारशी कामाची नाही, आणि वस्तीजवळ तेच बरं. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. लायसन म्हणजे शिकारीची मुभा नव्हे.

मोहोळचा_ऊसवाला
हे कुणीतरी आधी सांगायचं होतं. जोडतो कागद. फिरस्त्याला बोललो ते जरा जास्त झालं, पण गाडी बांधावर लावू नकोस हे कायम.

ह्यूस्टनचा_सोलापुरी
ठीक. शेतकऱ्यांबद्दलची ओळ पोस्टमधून काढतो. कलमाचं मला माहीत नव्हतं आणि सपाट माळाचं सुभेदारांचं म्हणणं तोडता येत नाही. रायफलीबद्दल मत तेच: पहिली रायफल .२४३, वाचलेले पैसे दुर्बिणीत.
एक कामाचं सांगतो. इथल्या रँचवर आठ फुटी जाळी असते. पण काळवीट एवढा उड्या मारणारा असून कुंपण सहसा उडी मारून ओलांडत नाही, खालून सरपटत जातो. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही उंची वाढवण्यावर पैसे घालू नका, खालची कड जमिनीला घट्ट करा.

नान्नजचा_ज्वारीवाला
ओळ काढा, भांडण संपलं. सरपटण्याचं मात्र बरोबर आहे, आमच्या तारेखाली माती घासलेली दिसते. खालच्या कडेला ते लोखंडी खुंट्या ठोकतात की जाळी जमिनीत पुरतात? आमच्याकडे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, पुरणं जमायचं नाही. फोटो असेल तर टाका.