१४ ऑगस्टचा 'बॉर्डर' आणि मुलांसाठी एक कागद

*ए-२०३ (सांस्कृतिक समिती)*
नमस्कार मंडळी 🙏 १४ ऑगस्टला संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये १० ते १५ वयाच्या मुलांसाठी युद्धपट दाखवायचा ठरलाय. सगळ्यात जास्त मतं 'बॉर्डर'ला आहेत. दोन पालकांना काळजी वाटते की मुलं फक्त 'आपले' आणि 'ते' एवढंच घेऊन घरी जातील. आपल्यात काही जणांचं कामच या क्षेत्रातलं आहे. नुसतं हो-नाही नको, नेमकं काय करता येईल ते लिहा.

*सी-५०२ (एडिटर)*
दाखवा, जरूर दाखवा. पण आधी हे समजून घेऊ की प्रेक्षक कोणाच्या बाजूला उभा राहणार हे संवादांच्या कितीतरी आधी कॅमेरा आणि एडिटिंग ठरवून टाकतात.

सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे चेहरा. आपल्या जवानाचा क्लोज-अप जरा टिकवला की डोळे वाचता येतात, घाम दिसतो, गिळलेला आवंढा दिसतो. समोरचा सैनिक बहुतेक वेळा लाँग शॉटमध्ये, म्हणजे दुरून दिसतो, धुरात, हेल्मेटखाली, पाठमोरा. तो पडला तरी कोण पडलं हे कळायला जागाच नसते. लेव्ह कुलेशोव्ह यांनी रशियात १९२० च्या आसपास केलेला प्रयोग आजही फिल्म स्कूलमध्ये शिकवतात. एका नटाचा निर्विकार चेहरा आणि त्याला जोडून एकदा सूपची ताटली, एकदा शवपेटी. चेहरा तोच, पण लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. युद्धपटात हेच होतं. जवानाच्या चेहऱ्यानंतर घरचं पत्र लावलं तर ती माया वाटते आणि रणगाडा लावला तर निर्धार. ज्याचा चेहरा पडद्यावर येतच नाही, त्याला प्रेक्षक असं काहीच देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट दिशा. आपली तुकडी डावीकडून उजवीकडे जात असेल तर शत्रू उजवीकडून डावीकडे यायला हवा. धुराळ्यात गणवेश ओळखू येत नाहीत, मग दिशेवरूनच माणूस ओळखायचा. दोघांमधल्या कल्पित रेषेला आम्ही अक्ष म्हणतो, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहतो. एडिटरने हा अक्ष चुकून ओलांडला तर गोळी कोणी कोणावर झाडली तेच कळत नाही आणि प्रेक्षक प्रसंगातून बाहेर फेकला जातो. काही दिग्दर्शक मुद्दाम ओलांडतात, गोंधळ अंगावर यावा म्हणून. पण 'आपण जिंकतोय' असं वाटायला हवं असेल तेव्हा सहसा कोणी ओलांडत नाही.

*डी-१०२ (साउंड)*
ताईंच्या यादीत आवाज जोडतो. जवळ स्फोट झाला की सगळे आवाज दबतात आणि कानात फक्त घूं राहतं, हे आठवा. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये ओमाहा किनाऱ्यावर कॅप्टनच्या बाबतीत ते आहे. त्या क्षणी आपण त्याच्या डोक्याच्या आत असतो. समोरच्या फौजेतल्या कोणाला असा कान मिळालाय का, हे शोधून बघा.

'डंकर्क'मध्ये उलटी तऱ्हा. जर्मन सैनिक जवळजवळ दिसतच नाहीत, शेवटी दिसतात तेही पुसट. धोका येतो तो विमानाच्या किंचाळीतून, गोळ्यांच्या आवाजातून आणि संगीतात मिसळलेल्या घड्याळाच्या टिकटिकीतून. त्यामुळे आपण कोणाचा द्वेष करत नाही, नुसते घाबरतो. हा फरक मुलांना सहज कळेल.

आणि भाषा! समोरच्याच्या बोलण्याला सबटायटल दिलं तर तो माणूस असतो, नाही दिलं तर नुसता आवाज.

*बी-७०१ (मानसशास्त्र)*
सिनेमाचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये जी मांडणी केली ती इथे फार उपयोगी पडते. आपण सरसकट 'समरस होणं' म्हणतो, त्यात तीन वेगळ्या पायऱ्या असतात. आधी हे पात्र एक माणूस आहे अशी ओळख पटते. मग सोबत, म्हणजे कथा आपल्याला कोणाबरोबर चालवते, कोणाला जे माहीत ते आपल्याला माहीत. आणि शेवटी बाजू घेणं, म्हणजे याचं वागणं मला पटतं असं वाटणं. बरेच युद्धपट या तिन्ही एकाच माणसाला देऊन टाकतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे लक्षातच येत नाही.

वेगळ्या कशा पडतात याचं उत्तम उदाहरण म्हणजे १९८१ चा जर्मन 'दास बोट'. जवळजवळ सगळा सिनेमा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीत. कॅमेरामन योस्ट व्हाकानो हातातला कॅमेरा घेऊन त्या अरुंद बोळातून, गोल दारांतून अक्षरशः धावलाय. वर ब्रिटिश विनाशिका फिरते, पाण्याखाली आवाजाने शोध घेणाऱ्या 'सोनार' यंत्राचा टिंग टिंग आवाज जवळ येतो आणि प्रेक्षक श्वास रोखून धरतो की ही पाणबुडी सापडू नये. ही हिटलरच्या राजवटीची पाणबुडी आहे हे पक्कं माहीत असूनही! मग एक प्रसंग येतो. यांनीच टॉर्पेडो मारलेलं तेलवाहू जहाज काही तासांनी अजून जळतंय. त्यावरची माणसं वाचवली असतील असं कॅप्टन धरून चालला होता. पण ती तिथेच आहेत, पेटलेली, पाण्यात उड्या मारताहेत, पोहत पाणबुडीकडे येताहेत. कॅप्टन पाणबुडी मागे घ्यायला सांगतो. इथे सोबत तशीच राहते, पण बाजू घेणं हलतं. मला विचाराल तर चांगल्या युद्धपटाची खूण हीच, प्रेक्षकाची निष्ठा एकदा तरी त्याच्या हातात परत देणं.

*ए-६०४ (कर्नल, निवृत्त)*
सर, पटलं. 'बॉर्डर'बद्दल मुलांना काही गोष्टी आधी माहीत हव्यात. लोंगेवाला, राजस्थानच्या वाळवंटातली सीमेजवळची चौकी, ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ची रात्र. २३ पंजाबची ए कंपनी, सुमारे १२० जण, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. जैसलमेरच्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून उजाडेपर्यंत टिकून राहायचं होतं. ही खरी हिंमत. सिनेमात आपले बरेच जण धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात त्या चौकीवर आपले २ जवान गेले. आणि बीएसएफचे भैरोंसिंह राठोड, ज्यांना पडद्यावर वीरमरण आलेलं दाखवलंय, ते लढाईनंतर ५१ वर्षं जगले. डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला त्यांचं निधन झालं.

दुसरं म्हणजे प्रत्येक प्रांताचा एकेक जवान असलेली तुकडी सिनेमात नेहमी दिसते. पायदळाच्या बऱ्याच रेजिमेंटमध्ये भरतीची पद्धत वेगळी आहे. पंजाब रेजिमेंटमध्ये मुख्यतः शीख आणि डोगरा, मराठा लाइट इन्फंट्रीत मुख्यतः आपल्याकडची मुलं. सगळ्या प्रांतांची मिसळ बऱ्याचदा पटकथेची गरज असते.

*सी-५०२ (एडिटर)*
कर्नल काका, अगदी बरोबर. ती मिसळ म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाला बसायला एक खुर्ची. 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' ऐकलं की दादरच्या थिएटरमधला माणूस ताठ बसतो, आणि त्याच खुर्चीतून तो शेजारच्या शीख जवानासाठीही रडतो. मला यात गैर वाटत नाही. देश इतका मोठा, तो एका खंदकात मावेल असा दाखवायचा तर हाच मार्ग. फक्त समोरच्या खंदकात एकही खुर्ची ठेवलेली नसते.

राठोडांचं म्हणाल तर तेही कलेचं गणित. ज्याच्या घरची आठवण आपल्याला आधी गाण्यात दाखवली, त्याच्या मरणाचा घाव सगळ्यात खोल बसतो. म्हणून पत्राचं गाणं मध्यंतराच्या आसपास आणि मृत्यू शेवटाकडे. मधला वेळ जीव जडायला.

*बी-३०३ (शाळेतल्या बाई)*
सर, पालकांचा मूळ प्रश्न राहिला. एक सिनेमा पाहून मुलं द्वेष शिकतात का?

*बी-७०१ (मानसशास्त्र)*
बाई, यावर जुनं आणि भक्कम काम आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने दिग्दर्शक फ्रँक काप्रांचे 'व्हाय वी फाइट' हे माहितीपट सैनिकांना दाखवले. मानसशास्त्रज्ञ कार्ल होवलँड आणि सहकाऱ्यांनी त्यांचा परिणाम मोजला. ते काम १९४९ मध्ये छापून आलं. माहिती चांगलीच वाढली, काही ठरावीक मतं हलली, पण लढण्याची इच्छा जवळपास होती तशीच राहिली. म्हणजे एका सिनेमाने माणूस उलटापालटा होत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या मुलांचे गट पाडले. कारण काय, तर कोणाला कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडली. एवढ्यावर मुलं आपल्या गटाला जास्त पैसे देऊ लागली. कित्येकदा आपल्या गटाला एकूण कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळायला हवं! गट पाडायला इतकंसं कारण पुरतं. सिनेमा तर गणवेश, झेंडा आणि संगीत देतो. मला एका 'बॉर्डर'ची भीती वाटत नाही. समोरचा कायमच बिनचेहऱ्याचा असतो, ही सवय मात्र लागते आणि ती सवय मुलांना दिसायला हवी.

*बी-३०३ (शाळेतल्या बाई)*
मग प्रत्यक्ष काय करायचं ते असं सुचवते. सिनेमा पूर्ण दाखवा, मध्ये थांबवून शिकवू नका, त्याने दोन्ही वाया जातं. संपल्यावर लगेच चर्चा नको, मुलं तापलेली असतात. १५ मिनिटं पाणी-खाऊ. मग रात्रीच्या लढाईतला ५ मिनिटांचाच तुकडा पुन्हा लावायचा. मुलांचे चार गट, प्रत्येकाकडे एक कागद आणि मोजायला एकच गोष्ट. पहिला गट क्लोज-अप मोजेल, आपल्या सैनिकांचे किती, त्यांचे किती. दुसरा नावं, कोणाला नावाने हाक मारली. तिसरा कॅमेरा कोणाच्या मागे उभा आहे ते. चौथा, पडलेल्या माणसाजवळ कोणी धावत गेलं का. एका मुलाला दोन गोष्टी दिल्या की आकडे चुकतात.

नंतर तोच तुकडा आवाज बंद करून.

*डी-१०२ (साउंड)*
बाई, टीव्ही म्यूट केला तरी वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर आवाज चालू राहू शकतो. म्यूट अ‍ॅम्प्लिफायरवरूनच करा. सबटायटलही बंद. आणि क्लब हाऊसच्या खिडक्या उघड्या असतात, रात्री १० च्या आत सगळं आटपायला हवं. सिनेमा जवळपास ३ तासांचा आहे, म्हणजे सुरुवात ५.३० ला.

*सी-५०२ (एडिटर)*
बाई, 'वाईट कोण' हा प्रश्न मात्र विचारू नका, मुलं मोठ्यांना हवं ते उत्तर देतात. 'कोणाचा आवाज ऐकूच आला नाही?' असं विचारा.

वेळ उरला तर मोठ्या मुलांना फ्रेंच राजवटीविरुद्धच्या अल्जीरियाच्या लढ्यावरच्या 'बॅटल ऑफ अल्जिअर्स' (१९६६) मधला कॅफेचा प्रसंग. बॉम्बची बॅग घेऊन आलेली अल्जीरियन बाई बसते, आणि कॅमेरा तिच्या नजरेने कॅफेतले चेहरे एकेक करून बघतो. एक लहान मूल आइस्क्रीम खातंय. तोवर आपण तिच्या बाजूचे असतो, आणि आता ज्यांचा जीव जाणार त्यांचेही चेहरे आपल्याकडे आहेत. दोन्हीकडच्या मृतांवर संगीतही एकच वाजतं. १० ते १२ वाल्यांना नको, जड आहे.

*ए-६०४ (कर्नल, निवृत्त)*
सुरुवातीची लोंगेवालाची माहिती मी सांगतो, १० मिनिटं, नकाशासह. राठोडांचं मात्र सिनेमा संपल्यावर सांगू. आधी सांगितलं तर मुलांचा त्या पात्रावर जीव जडणार नाही.

*ए-२०३ (सांस्कृतिक समिती)*
ठरलं. ५.२० ला कर्नल काका, ५.३० ला सिनेमा, त्यामुळे मुलांना ५.१५ ला पाठवा. दाखवण्याची परवानगी कोणाकडून घ्यायची ते उद्याच विचारते. कागद बी-३०३ कडे, अ‍ॅम्प्लिफायर डी-१०२ कडे. चार गटांसाठी चार मोठी माणसं हवीत, नावं इथेच द्या.

*डी-१०२ (साउंड)*
क्लोज-अप मोजायला मी आहे.