मदत हवी आहे: जपानी तलवार जुनी घडणावळीची की लष्करी कारखान्यातली?

ब्रह्मदेशच्या मोहिमेनंतर १९४५ साली घरात आलेली जपानी तलवार आहे. पात्याची लांबी ६६ सेंमी. मुठीतला बांबूचा खिळा काढला, तर आतल्या भागावर दोन भोकं, काळपट गंज आणि दोन अक्षरं दिसली. धारेलगत पांढरट नागमोडी पट्टाही आहे. गंज ब्रासोने काढला तर अक्षरं वाचता येतील का? तलवार खरंच जुनी आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ब्रासो आधी लांब ठेवा! मुठीतल्या त्या भागाला 'नाकागो' म्हणतात आणि वय ठरवताना तिथला गंज हाच मोठा पुरावा असतो. तो घासला की किंमत पडते, आणि परत आणता येत नाही. अक्षरांसाठी खोलीत अंधार करून टॉर्च अगदी तिरपी धरा आणि फोटो काढा.

गंजाचा रंगही बघा. जुना गंज गडद, घट्ट बसलेला असतो. लालसर आणि बोटाला लागणारा गंज अलीकडचा. दोन भोकं म्हणजे पातं कधीतरी खालून कापून आखूड केलेलं असू शकतं. तसं असेल तर नाकागोचं टोक आणि कानशीचे ओरखडे वरच्या भागाशी जुळत नाहीत. अक्षरांच्या आसपास छोटा शिक्का आहे का? 'शोवा' (त्या वेळच्या सम्राटाच्या राजवटीचं नाव) किंवा 'सेकी'चा (तलवारी बनवणारं जपानी गाव) शिक्का म्हणजे बहुधा युद्धकाळातलं पातं. चांदणीचा शिक्का मात्र वेगळा: ते पातंही युद्धकाळातलंच, पण सहसा पारंपरिक पद्धतीने घडवलेलं.

प्रतिसाद २
पांढऱ्या पट्ट्यावर भाळू नका. पॉलिश करणारा कारागीर तो भाग मुद्दाम पांढरा करतो, खरी 'हामोन', म्हणजे धार कडक करताना उमटलेली रेघ, त्याच्या आत असते. एकच बल्ब लावा, पातं त्याच्या दिशेने धरून हळूहळू कलतं करा. तापवून पाण्यात विझवलेल्या पात्यात धुक्यासारखी रेघ किंवा चमकणारे बारीक कण दिसतात. ॲसिडने काढलेला पट्टा सगळीकडे सारखाच सपाट पांढरा, त्यात कण नाहीत. तेलात विझवलेल्या पात्यातही रेघ दिसते, तिथे मात्र नवखा माणूस हमखास फसतो.

प्रतिसाद ३
सही सगळ्यात शेवटी वाचा. नामवंत लोहारांच्या खोट्या सह्या शेकड्याने सापडतात; आधी आकार, मग पोलादाची वीण, मग हामोन, आणि ते सहीशी जुळतंय का, हा क्रम. टोक वर धरल्यावर सहीच्या बाजूने धार डावीकडे असेल तर कताना (धार वर ठेवून कमरेला खोचायची तलवार) पद्धत, उजवीकडे असेल तर ताची (धार खाली ठेवून लटकवायची, त्याआधीच्या काळातली). हिझेन प्रांतातलं तादायोशी हे लोहारांचं घराणं नंतरच्या इडो काळातही (१७वं ते १९वं शतक) ताची पद्धतीने सही करी, त्यामुळे एवढ्यावरून वय ठरवू नका.

लांबी पाठीकडच्या खाचेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजली आहे ना? तसं असेल तर तुमची ६६ सेंमी ही ६०.६ सेंमीच्या वर, म्हणजे लांबीने कताना.

जपानला प्रमाणपत्रासाठी पाठवायची घाई नको. १०० वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी व्यक्तीला बाहेर पाठवता येत नाही. आणि कारखान्यातली निघाली तर जपानमध्ये तिची नोंदणीच होत नाही. आधी नाकागोच्या दोन्ही बाजू आणि टोक यांचे फोटो इथे टाका. तोवर पात्याला उघडं बोट लावू नका, शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात पुरे.